दोन चमचे कंजी

घरात तान्हं मूल रडलं की कुणी ना कुणी विचारतंच, "पोट भरलंय का त्याचं?" तुम्ही-आम्ही सगळे हा प्रश्न ऐकतच मोठे झालो. त्यात माया आहे, काळजी आहे. पण चेन्नईत वेस्ट मांबलममधल्या एका घरात या साध्या प्रश्नाचं उत्तर साधं नव्हतं. म्हणूनच ही गोष्ट सांगावीशी वाटते.

वाणी आणि शेषाद्री यांची मुलगी सहाना अठरा दिवसांची असताना एका सकाळी तिला हिरवीगार उलटी झाली. दुपारपर्यंत पोट फुगून टणक झालं. आतड्याला पीळ बसला होता. ऑपरेशन झालं, बाळ वाचलं. पण पिळात सापडलेलं आतडं काळं पडलं होतं, ते काढून टाकावं लागलं. किती उरलं, हे सर्जननी टेबलावर हात पसरून दाखवलं. लहान आतडं जेमतेम दीड वीत.

"दूध पोटात जाईल, पण ते शोषून घ्यायला आत जागाच नाही," ते म्हणाले. "उरलेलं आतडं वाढतं, शिकतं. त्याला वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर आपण तिला दुसऱ्या वाटेनं जेवू घालू."

ती वाट म्हणजे छातीतून मोठ्या शिरेत सोडलेली बारीक नळी. संध्याकाळी सातला पोषणाच्या द्रवाची पिशवी त्या नळीला जोडायची, सकाळी सातला काढायची. दिवसा नाकातल्या नळीतून आईचं दूध, तेही थेंबाथेंबानं, पंपावर. आणि प्रत्येक डायपर काट्यावर ठेवून वजन वहीत लिहायचं. शी किती झाली यावरून उद्या दूध किती वाढवायचं आणि छातीच्या नळीतलं पाणी किती कमी करायचं, हे हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ कनका मॅडम ठरवत. दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो त्यांना पाठवायचा. ते पान म्हणजे बाळाच्या पोटानं डॉक्टरांना लिहिलेलं पत्रच होतं म्हणा ना.

सहाना पाच महिन्यांची झाली आणि वाणीची रजा संपली. तिची नोकरी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. सहानाच्या औषधपाण्याचा विमा त्या नोकरीतूनच मिळत होता, त्यामुळे घरी बसायचा प्रश्नच नव्हता. शेषाद्री गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात सुपरवायझर. पहाटे घर सोडायचा, दिवेलागणीला परतायचा. अशा वेळी पुढे आली ती शेषाद्रीची आई, विजयलक्ष्मी.

तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली ही बाई. घरातले सगळे तिला अम्मा म्हणत. हॉस्पिटलात दोन आठवडे राहून तिनं सगळं शिकून घेतलं. हात किती वेळ धुवायचे, नळीचं टोक कसं पुसायचं, पंप वाजला तर आधी काय बघायचं. नर्सेस इतर पालकांना तिचं उदाहरण देत. वाणीची स्वतःची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. त्यामुळे अम्मा जेव्हा म्हणाली, "तू जा ऑफिसला. पाप्पाला मी बघते. अस्के नीट होईल," तेव्हा वाणी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्यांच्या घरातली मराठी जुनी, तंजावरची. 'सगळं'ला अस्के, 'तुम्ही'ला तम्ही, आणि बाळाला तमिळमधलं पाप्पा. त्या एका वाक्यानं वाणीच्या छातीवरचं ओझं उतरलं.

तीन महिने चांगले गेले. वहीत अम्माचं वळणदार अक्षर, वेळ, वजन, खाली रेघ. एकदा शेषाद्रीची आत्या भेटायला आली आणि नाकातल्या नळीकडे बघून म्हणाली, "दूध नाही, भात नाही. असं औषधावर मूल वाढवतात का कुणी? उपाशी ठेवलंय तम्ही पोरीला." अम्मानं तिला तिथल्या तिथे गप्प केलं. वाणीला किती आधार वाटला! आपल्या बाजूनं उभं राहणारं माणूस घरातच आहे, असं तिनं ऑफिसातल्या मैत्रिणीला कौतुकानं सांगितलं.

आठव्या महिन्यात तर वहीतले आकडे फारच छान येऊ लागले. शी कमी, आतडं दूध पचवतंय असं दिसत होतं. कनका मॅडमनी दूध वाढवलं, नळीतलं पाणी कमी केलं. वाणीनं ऑफिसात पेढे वाटले, घरीही आणले.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात, शनिवारी सकाळी पिशवी काढताना, सहानानं डोळेच उघडले नाहीत. वाणीनं हाक मारली, गालावर टिचकी मारली. पापण्या किंचित हलल्या. टाळू खोल गेली होती, जीभ कोरडी होती, अंगात कणकण होती. काट्यावर ठेवलं तर आठवड्यात जवळजवळ अर्धा किलो वजन उतरलेलं.

सहानाला उचलून त्यांनी हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, रक्त तपासायला घेतलं. वहीत तर सगळं ठीक होतं, मग मूल असं का? अशा बाळांत पहिली शंका नळीतल्या जंतूंची येते.

"अँटिबायोटिक सुरू केलंय," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत फरक पडला नाही, तर ही नळी काढावी लागेल."

काढली तर दुसरी घालता येईल, एवढं वाणीला माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की नळी घालण्याजोग्या शिरा बाळाच्या अंगात मोजक्याच असतात. एक गेली की जेवणाची एक वाट कायमची बंद.

दुपारी कनका मॅडम आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शेषाद्री आणि वाणी दोघांना समोर बसवलं आणि वही उघडली.

"ही कोण लिहितं?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"इथे आल्यापासून पाच तासांत सहानाला जेवढी शी झाली, तेवढी वहीत पूर्ण दिवसाची लिहिली आहे. आणि तपासणीत शीमध्ये साखर खूप निघाली. आईच्या दुधानं इतकी निघत नाही. घरी कुणी काही गोड देतं का तिला?"

वाणी ताडकन उठली. "मॅडम, माझ्या सासूबाईंनी तीस वर्षं गणित शिकवलं आहे. त्यांच्यावर शंका घेण्याआधी तुमच्या लॅबचं काही चुकलंय का ते बघा. त्या नसत्या तर ही मुलगी आज दिसली नसती."

कनका मॅडम शेषाद्रीकडे बघत होत्या. वाणीनंही वळून पाहिलं. शेषाद्रीची मान खाली होती. फरशीवरून त्याची नजर वर येत नव्हती.

"शेषू?" वाणी म्हणाली.

"अम्मा कंजी देते तिला," तो म्हणाला. "नाचणीची. पनंगकल्कंडु घालून."

कंजी म्हणजे पेज आणि पनंगकल्कंडु म्हणजे ताडाची खडीसाखर. तमिळ घरांत खोकल्यापासून अशक्तपणापर्यंत सगळ्यावर चालते. दीड वीत आतड्याच्या बाळाला मात्र तीच साखर अंगातलं पाणी ओढून बाहेर काढणारी.

"तुला कसं माहीत?"

"गेल्या महिन्यात मी सुट्टीच्या दिवशी भाजी घेऊन लवकर आलो. अम्मा पालाडैनं पाजत होती." पालाडै ही तान्ह्यांना पाजायची चोचीची वाटी. सहानाच्या बारशाला चांदीची आली होती. "म्हणाली, दोनच चमचे देते, वाणीला सांगू नकोस, तिला त्रास होईल."

"आणि वही?"

"दोन-तीन डायपर ती न मोजताच टाकून देते."

वाणीला वाटलं, आपण ओरडू. पण आवाज निघाला तो अगदी शांत. "महिनाभर तू रोज घरी येऊन माझ्याबरोबर ते आकडे वाचलेस. मी पेढे आणले. त्यातला एक तू खाल्लास."

"अम्माला वाईट वाटलं असतं, वाणी."

ती कनका मॅडमकडे वळली आणि म्हणाली, "मॅडम, डॉक्टरांना आत्ता बोलवा. त्यांना सगळं सांगायचं आहे. मघाशी तुम्हाला बोलले त्याबद्दल माफी मागते."

खरं कारण कळल्यावर उपचारांची दिशा बदलली. पाणी आणि क्षार भरून काढायचे, पोटाला विश्रांती द्यायची. रविवारी सकाळी सहानानं डोळे उघडून आईचं बोट धरलं. दोन दिवसांनी रक्ताचा अहवाल आला, त्यात जंतू नव्हते. नळी वाचली. एक दिवस उशीर झाला असता, तर एका खोट्या आकड्यापायी ती निघाली असती.

अम्मा रविवारी दुपारी आली. हातात डबा, अंगावर इस्त्रीची साडी. वॉर्डाबाहेरच्या बाकावर वाणीनं तिला थांबवलं.

"आत जाऊ नका."

अम्मानं एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती बाकावर बसली आणि बोलायला लागली.

"मी जेवायला बसले की ती माझ्या हाताकडे बघायची. माझा घास वर गेला की तिचं तोंड हलायचं, वाणी. रिकामं तोंड. तम्ही दोघं सकाळी जाता. दिवसभर ते तोंड माझ्यासमोर. मी तीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळली, माझ्या नातीला एक घास देऊ नको? एक दिवस दोन चमचे दिले. ती हसली. आठ महिन्यांत तशी हसली नव्हती."

"आणि वही?"

"शी वाढली. मला वाटलं, दोन दिवसांत सवय होईल. मग सांगायची भीती वाटली. अस्के मला शहाणी म्हणत होते ना."

वाणी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "अम्मा, कंजी दिलीत ते मायेनं दिलीत, हे मला कळतं. कधीतरी मी ते विसरेनही. पण रोज संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन आधी ती वही उघडायचे. तुमचं अक्षर बघून मला झोप लागायची. त्या आकड्यांवर मॅडमनी तिचं पाणी कमी केलं. तम्ही तिला दोन चमचे दिलेत आणि वहीतून तिचं पाणी काढून घेतलंत. मला आई नाही, म्हणून मी तुम्हाला..."

वाक्य अर्धंच टाकून ती वॉर्डात गेली. डबा न उघडताच अम्मा घरी गेली.

वाणीनं पुन्हा रजा घेतली, बिनपगारी. मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं, महिन्याभराच्या वर जागा धरून ठेवता येणार नाही. ती शेषाद्रीशी कामापुरतं बोले. पाचव्या दिवशी तिनं कनका मॅडमना सांगितलं, "आता सगळं मी एकटी करणार. त्या घरात कुणाचा हात तिला लागू देणार नाही."

कनका मॅडमनी तिच्यासमोर खुर्ची ओढली. "सासूला माफ कर, असं मी सांगणार नाही. तो तुझा अधिकार. पण एकटी करीन म्हणतेस ते जमणार नाही, हे मी वीस वर्षं बघते आहे. थकलेल्या आईचा हात एक दिवस नळीचं टोक पुसायला विसरतो. या मुलांना निदान तीन माणसं लागतात. तुझ्याकडे आहेत ती हीच."

"ती खोटं बोलली मॅडम."

"बोलली. तिला उद्या बोलाव. मला तिला काही विचारायचं आहे, आणि थोडं सांगायचंही आहे."

दुसऱ्या दिवशी अम्मा आली ती दाराशीच उभी राहिली, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. कनका मॅडमनी तिला बसवलं आणि म्हणाल्या, "टीचर, सहाना तोंड हलवते हे तुम्ही मला फोन करून का नाही विचारलंत?"

"काय विचारायचं? तुम्ही नको म्हणाला असतात."

"मी हो म्हणाले असते."

अम्मानं मान वर केली.

"मी हो म्हणाले असते," कनका मॅडम पुन्हा म्हणाल्या. "तोंड हलवणं ही फार चांगली खूण. चव घ्यायला, गिळायला मूल विसरलं तर पुढे जेवायचंच नाकारतं. मी तुम्हाला मऊ भाताची पेज सांगितली असती, साखर-गुळाशिवाय, दोन चमचे, सकाळी. मग दोन दिवस डायपर बघितले असते. सोसलं तर तीन चमचे. जे तुम्ही चोरून केलंत, ते उघडपणे करता आलं असतं. बरोबर पदार्थ देऊन."

अम्माच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं बळ त्या क्षणी गेलं. हॉस्पिटलात इतके दिवस ती रडली नव्हती. आता रडली.

"यात आमचीही चूक आहे," कनका मॅडम सावकाश म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला नळी पुसायला शिकवली. बाळ भुकेनं तोंड हलवतं तेव्हा समोर बसलेल्या माणसानं काय करायचं, हे नाही शिकवलं. पण टीचर, एक लक्षात ठेवा. कंजी दिलीत असं त्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी दोन दिवसांत सगळं सावरलं असतं. चूक कळली तर आम्हाला उपाय करता येतो. लपवलेल्या चुकीवर आम्ही काय करणार? आम्ही तर खोटा आकडा खरा समजून पुढचं औषध देत जातो."

मग त्या शेषाद्रीकडे वळल्या. "आणि तुम्ही. आईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलात. घरात दोन मोठी माणसं दुखावू नयेत म्हणून तिसऱ्या, सगळ्यात लहान माणसानं किंमत मोजली."

शेषाद्रीनं मान हलवली. त्या आठवड्यात त्यानं कारखान्यात अर्ज करून दुपारची पाळी मागून घेतली. सकाळी अकरापर्यंत सहानाचं सगळं तोच करू लागला. वाणीनं त्याला शाबासकी दिली नाही, आणि त्यानंही ती मागितली नाही.

त्या हॉस्पिटलात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अशा मुलांचे पालक जमत. नळीवरची पंधरा-वीस मुलं, त्यांचे आईबाप, आज्या. पुढच्या बैठकीला अम्मा आपणहून आली. कनका मॅडमनी कुणाला काही बोलायचं आहे का विचारलं, तशी ती उठली. वर्गात उभी राहायची तशीच ताठ.

"मी गणिताची टीचर," ती तमिळमध्ये म्हणाली. "कॉपी करणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करत असे. माझ्या नातीच्या वहीत मी महिनाभर खोटे आकडे लिहिले. ती मरता मरता वाचली. तुमच्यापैकी कुणी घरी असं काही करत असेल, तर आज घरी जाण्याआधी मॅडमना सांगा."

मग मागच्या रांगेतून वेलूरहून आलेल्या एका आजोबांनी हात वर केला. नातवाला ते रोज सकाळी देवापुढचा मध चाटवत होते. सुनेला माहीत नव्हतं. ती शेजारीच बसली होती. तिनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर वाणीला ओळखीची होती.

कनका मॅडम खुर्ची घेऊन त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नये, धडधाकट बाळालासुद्धा नाही, हे त्यांनी आजोबांना समजावलं. आजोबांनी हात जोडले.

बाकावरच्या त्या दुपारनंतर, परत येताना गाडीत वाणी पहिल्यांदा अम्माशी बोलली. "सोमवारपासून मला ऑफिसला जावं लागेल. पाप्पाला तम्ही बघा. पण डायपर सगळे पिशवीत ठेवायचे. संध्याकाळी मी मोजीन."

"ठेवीन," अम्मा म्हणाली. तिनं राग मानला नाही. दोन महिने ती रोज ते डायपर पिशवीत घालून ठेवत असे आणि वाणी रोज तिच्यादेखत मोजत असे. ते बघणं दोघींनाही सोपं नव्हतं. अविश्वासाची अशी रोजची परीक्षा द्यावी लागते, हे अम्मानं मुकाट्यानं पत्करलं.

मग एका दुपारी वाणी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. अम्माचा. वाणी फोन घेऊन बाहेर धावली.

"वाणी, माझ्या हातून चूक झाली," अम्मा धापा टाकत म्हणाली. "दुधाच्या पंपाचा आकडा मी चुकून दुप्पट लावला. वीस मिनिटं गेली. आता बंद केलाय. कनका मॅडमना आधी फोन केला, त्या म्हणाल्या तासभर दूध थांबवा, डायपर बघा. वहीत लाल पेनानं लिहिलंय. पाप्पा खेळतेय. पण तुला कळायला हवं, म्हणून सांगितलं."

वाणी तिथल्याच एका खुर्चीवर बसली. चूक मोठी नव्हती, लहानही नव्हती. पण तिला राग आला नाही. इतक्या महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं लाल अक्षरातली ओळ वाचली आणि पिशवीतले डायपर न मोजता कचऱ्यात टाकले.

सहाना आता दीड वर्षाची आहे. पोषणाची पिशवी आठवड्यातून चारच रात्री लागते. सकाळी ती आजीच्या मांडीवर बसून भाताची पेज खाते, साखरेशिवाय. वाणीच्या मनातली जखम भरली आहे, असं मी म्हणणार नाही. तिच्या खुणा आहेत, आणि त्या राहतीलही.

मित्रहो, आपल्या घरांतही आजारी माणसं आहेत. कुणाचं पथ्य, कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या साखरेचा आकडा. मायेपोटी आपण चोरून एखादा घास देतो, आणि त्याहून अधिक मायेपोटी तो लपवतो. घास द्यावासा वाटला तर आधी विचारा. चुकून दिला गेला, तर त्याच दिवशी सांगा. बोलणी खावी लागतील, कुणी चार दिवस अबोला धरेल. तेवढं सोसा. ज्याच्यासाठी तो घास होता, त्याला आधी आपलं खरं बोलणं हवं असतं.